वाट पाहण्याची वीज

‘कोणता कॅमेरा घेऊ?’ असं कुणी विचारलं, की आमच्या इंदापूर तालुक्यात एके काळी उलट प्रश्न यायचा, ‘तुमच्याकडे लाईट किती तास असते?’ २००५-०६ चा सुमार. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि लोक ते कापून भिंतीला चिकटवायचे. दळण, पाणी, मोबाइल, मुलांचा अभ्यास, सगळं त्या कागदाच्या तालावर. त्याच दिवसांत डिजिटल कॅमेरे शिक्षकाच्या पगाराच्या आवाक्यात यायला लागले. तोवर रोल धुवायला पुण्याला पाठवायचा आणि आठवडाभर थांबायचं, असा माझा छंद चालला होता. तो एकदम बदलणार होता.

तेव्हा कॅमेऱ्यांचे सरळ दोन पंथ होते. एका पंथात कंपनीची स्वतःची चपटी लिथियम बॅटरी. ती संपली की तिचा चार्जर हवा, चार्जरला प्लग हवा आणि प्लगला लाईट हवी. दुसऱ्या पंथात आपले पेन्सिल सेल. किराणा दुकानात मिळणारे, एसटी स्टँडवरच्या टपरीत मिळणारे, यात्रेत खेळण्यांच्या पालाशेजारी मिळणारे. आमच्या भागात हा वाद फार चाललाच नाही. मी कॅननचा पॉवरशॉट ए ५४० घेतला. सहा मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल, मागे अडीच इंची स्क्रीन आणि वरच्या अंगाला डोळा लावून बघायची इवलीशी काचेची खिडकी. या खिडकीविषयी पुढे बोलायचं आहे.

टपरीवरचा साधा स्वस्तातला सेल कॅमेऱ्यात घातला की गंमत सुरू व्हायची. बटण दाबलं की लेन्स घुर्र करत बाहेर यायची आणि अर्ध्यातच थबकायची. स्क्रीनवर सूचना, बॅटरी बदला. सेल तर नवे कोरे, नुकतेच वेष्टनातून काढलेले. तेच सेल आई स्वयंपाकघरातल्या घड्याळात घालायची आणि ते घड्याळ पुढे कित्येक महिने बिनचूक चालायचं. आईचं त्यावरचं निदान ठाम होतं: सेल चांगलेच आहेत, तुझा कॅमेरा खादाड आहे. पुढे मी या विषयावर जे काही वाचलं त्याने या निदानात आकड्यांची भर घातली, एवढंच.

आकडे मात्र मजेशीर आहेत. भिंतीवरच्या घड्याळाला लागणारा प्रवाह अगदी क्षुल्लक असतो. कॅमेरा फ्लॅश भरताना किंवा लेन्सची मोटर फिरवताना एकदम एक-दोन अँपिअर मागतो. रांजण काठोकाठ भरलेला आहे, पण त्याची तोटी सुईच्या नेढ्याएवढी आहे. तहानलेला बैल समोर उभा असेल तर त्या भरलेल्या रांजणाचा काय उपयोग? सेलच्या या तोटीला अंतर्गत रोध म्हणतात. ताज्या अल्कलाइन सेलचा रोध साधारण दीडशे ते तीनशे मिलिओहम असतो. दीड अँपिअर ओढले की पाव ते अर्धा व्होल्ट सेलच्या पोटातच खर्च होतो. वेष्टनावर छापलेले दीड व्होल्ट कॅमेऱ्याच्या हाती लागेपर्यंत सव्वा किंवा त्याहून कमी झालेले असतात. सेल जसजसा वापरला जातो तसतसं त्याचं व्होल्टेज उतरतं आणि रोध वाढतो. मग पोटात बरीच वीज शिल्लक असलेला सेल कॅमेऱ्याच्या लेखी मेलेला ठरतो. आणि ही गोष्ट अल्कलाइनची. टपरीवरचा साधा झिंक-कार्बन सेल याहूनही अशक्त.

म्हणून सेलवर किती मिलिअँपिअर-तास, म्हणजे किती वीज मावते, लिहिले आहेत याला कॅमेऱ्यापुरता फारसा अर्थ नसतो. चांगला अल्कलाइन सेल सावकाश वापरला तर अडीच हजारांच्या आसपास देतो. तोच एक अँपिअरच्या दराने ओढला तर त्याच्या निम्मेही हाती लागत नाहीत. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलवर दोन हजारच लिहिलेले असतात, पण त्याचा रोध अल्कलाइनच्या काही पटींनी कमी. दोन हजार म्हणजे जवळजवळ दोन हजारच मिळतात, तेही भराभर ओढून.

आमच्या गावातल्या दुकानदाराला हे पटवणं अवघड होतं. ‘मॅडम, हा एक पॉइंट दोनचा सेल आहे, कॅमेऱ्याला दीड लागतो,’ असं म्हणून तो रिचार्जेबल सेल परत कपाटात ठेवायचा. छापील आकडा बघितला तर त्याचं म्हणणं बरोबर. पण अल्कलाइन दीडवर सुरू होऊन पायरी पायरीने खाली येतो. रिचार्जेबल मात्र १.२ च्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. माझ्या ए ५४० मध्ये अल्कलाइनच्या जोडीवर जेवढे फोटो निघायचे त्याच्या तिप्पट-चौपट रिचार्जेबलच्या जोडीवर निघायचे. त्या एकदम कोसळण्याचा एक तोटा होता. व्होल्टेज बघून किती वीज उरली ते ओळखणं कॅमेऱ्याला जमायचं नाही. त्यामुळे बॅटरीची खूण आत्ता पूर्ण भरलेली दिसायची आणि दोन फोटोंनंतर लाल व्हायची. खिशात दुसरी जोडी ठेवणं हाच त्यावर इलाज.

रिचार्जेबल सेलचं आणखी एक दुखणं होतं. जुन्या पद्धतीचे हे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात वीस-तीस टक्के वीज गमावत. दिवाळीत चार्ज करून ठेवलेले सेल संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रिकामे. त्यावर जपानच्या सान्यो कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये एनेलूप नावाचे पांढरे सेल बाजारात आणले. वर्षभर पडून राहिले तरी पंच्याऐंशी टक्के वीज टिकते, असा त्यांचा दावा होता. पुढे सान्यो पॅनासॉनिकच्या ताब्यात गेली आणि सेलवरचं नाव बदललं, पण तो सेल अजून तसाच उत्तम आहे. कधीमधी फोटो काढणाऱ्या माणसाला मी आजही डोळे झाकून हेच सुचवीन. छापील क्षमता जास्त दिसते म्हणून सत्तावीसशेचे सेल घेण्यापेक्षा कमी गळणारे दोन हजारांचे बरे.

आणि चार्जर! सेलपेक्षा चार्जर महत्त्वाचा, ही गोष्ट भारनियमनात जेवढी कळली तेवढी एरवी कळली नसती. स्वस्तातले चार्जर घड्याळावर चालतात. सेलमध्ये किती वीज आहे हे ते बघतच नाहीत, ठरलेले तास मोजतात आणि थांबतात. आता रात्री दहाला सेल लावले, बाराला लाईट गेली, दोनला आली. चार्जर बापडा सगळं विसरलेला. तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात करणार. पहाटे परत तेच. सकाळी सेल हातात धरवत नव्हते इतके तापलेले असायचे. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी हे पहिल्यांदा ओळखलं आणि पुण्याहून येणाऱ्या कुणाकडून तरी प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर मागवला. तो व्होल्टेजची चाल बघून सेल भरला की स्वतःच थांबायचा. लाईट कितीदा गेली-आली तरी त्याचं बिनसायचं नाही. तो चार्जर आमच्या शिक्षक खोलीत सार्वजनिक मालमत्ता झाला आणि सेलवर मार्करने आद्याक्षरं लिहायची पद्धत पडली. एका जोडीतले सेल कायम एकत्र ठेवायचे, हा नियमही सरांचाच. एक सेल दमलेला आणि एक ताजा असेल तर दमलेला आधी रिकामा होतो आणि ताजा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो. त्यात तो दमलेला कायमचा जातो.

‘पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करायचं नाही’ हा सल्ला मात्र आता सोडून द्यायला हरकत नाही. तो निकेल-कॅडमियम सेलच्या जमान्यातला. त्या सेलना अर्धवट रिकामं करून पुन्हा भरायची सवय लागली की ते तेवढीच क्षमता धरून बसत, असं म्हणत. कॅमेऱ्यांशी त्या सेलचं नातं जुनं आहे. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला त्यात सोळा निकेल-कॅडमियम सेल होते. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो दहा हजार बिंदूंचा, आणि तो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. कॅडमियम विषारी, म्हणून ते सेल मागे पडले. सल्ला मात्र लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या गळ्यात येऊन पडला, जिथे तो अपायकारकच आहे. लिथियम-आयनला पूर्ण रिकामं होणं सोसत नाही.

पेन्सिल सेलच्या आकारातच आणखी एक प्रकार मिळतो, लिथियम-आयर्न डायसल्फाइडचा. एकदाच वापरायचा, महाग. पण वजनाला पंधरा ग्रॅम, जिथे अल्कलाइन तेवीस भरतो, आणि उणे चाळीस अंशांपर्यंत काम करण्याची हमी. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी तो ओळखीचा केला. वर्षानुवर्षं न गळता टिकतो, म्हणून मी एक जोडी कॅमेऱ्याच्या पिशवीच्या तळाशी ठेवते. नावातल्या लिथियममुळे मात्र घोटाळा होतो. याच आकाराचा १४५०० नावाचा रिचार्जेबल लिथियम सेल ऑनलाइन मिळतो आणि तो ३.७ व्होल्टचा असतो. दोन सेलच्या कॅमेऱ्यात तशी जोडी घातली तर तीन व्होल्टच्या जागी सात व्होल्टांच्या वर जातात आणि कॅमेरा गेलाच. आकार जुळला म्हणजे चालेलच, असं नसतं.

आता त्या काचेच्या खिडकीकडे येते.

तुकाराम महाराजांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं. मी दरवर्षी जाते. सकाळी लवकर पोचून कडेला जागा धरायची, मग दिंड्या येतात, पालखी मधोमध विसावते. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, वीणेकरी, पखवाजवाले आणि मग अश्व. अश्वांची धाव काही मिनिटांची. त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक रिंगणात घुसले की संपलंच. म्हणजे फोटो काढायची वेळ थोडी आणि त्याआधी जागा सांभाळत उभं राहायची वेळ दोन-अडीच तास. या दोन-अडीच तासांत आजूबाजूच्या कॅमेऱ्यांच्या स्क्रीन सतत चालू असतात. कुणी फ्रेम लावून बघतोय, कुणी झूम करून पलीकडचा ओळखीचा वारकरी शोधतोय, कुणी आधी काढलेले फोटो शेजाऱ्याला दाखवतोय. नेमके अश्व आले की दोघा-तिघांचे कॅमेरे मान टाकतात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की माझ्या मनात एक गणित पक्कं झालं: कॅमेऱ्याची वीज फोटो काढण्यात थोडीच जाते, ती जाते वाट पाहण्यात.

स्क्रीनवर दृश्य दिसतं तेव्हा आत काय चाललेलं असतं ते बघितलं की हे पटतं. उजेड टिपणारा सेन्सर सेकंदाला तीस वेळा वाचला जातो, प्रोसेसर त्याचं चित्र बनवतो, स्क्रीनचा दिवा पेटलेला असतो, लेन्स फोकस धरत राहते. आपण फोटो काढलेला नसतो, पण कॅमेरा मात्र अखंड व्हिडिओ घेत असतो, फक्त तो साठवत नाही. ए ५४० ची स्क्रीन एका बटणाने बंद करता यायची आणि मग त्या इवल्या खिडकीतून बघायचं. खिडकीतलं दृश्य अचूक नसायचं, कडा थोड्या कापल्या जायच्या, जवळचा फोटो तिरका यायचा. पण तिला वीज लागत नव्हती. नुसती काच. सेलची एक जोडी बेलवाडीहून इंदापूरच्या रिंगणापर्यंत आरामात पुरायची.

जुन्या कॅमेऱ्यांना ही अडचण कधी भासलीच नाही, कारण बघणं फुकट होतं. आमच्या घरातल्या आग्फा क्लिक-थ्रीला सेल घालायची जागाच नव्हती. वडिलांच्या मित्राकडे पेंटॅक्स के १००० होता. त्यात शटर यांत्रिक आणि एकच बटण सेल, तोही फक्त प्रकाश मोजायला. गंमत म्हणजे त्या मीटरला बंद करायचं बटणच नव्हतं. लेन्सवर टोपण घातलं की अंधार, अंधार झाला की मीटरचं काम जवळजवळ थांबलं. टोपण हेच बटण. वीज वाचवायची याहून सुंदर सोय मी तरी पाहिलेली नाही. पेन्सिल सेल आमच्याकडच्या कॅमेऱ्यात शिरले ते याशिका एमएफ-टूमधून, आणि तेही फ्लॅशसाठी. लग्नात तो फ्लॅश भरतानाची बारीक शीळ ऐकू यायची. शीळ लांबत चालली की सेल उतरले, हे घरातल्या पोरांनाही कळायचं.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘एका चार्जमध्ये इतके फोटो’ असं लिहितात, तो आकडा कुठून येतो याचंही कुतूहल होतं. जपानच्या कॅमेरा उत्पादकांची सीपा नावाची संघटना आहे, तिने २००३ मध्ये त्यासाठी एक पद्धत ठरवून दिली. स्क्रीन चालू ठेवायची, दर तीस सेकंदांनी एक फोटो, प्रत्येक फोटोआधी झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत, कॅमेऱ्यातच फ्लॅश असेल तर एक फोटो सोडून पूर्ण ताकदीचा फ्लॅश, आणि दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करायचा. माणसाच्या रेंगाळण्याची त्यांनी केलेली ही नक्कलच म्हणायची. त्यातले तीस सेकंद फार महत्त्वाचे. फोटोला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, उरलेला सगळा वेळ वाट पाहण्याचा.

माझ्या गणिताला याच आकड्यांतून एक भक्कम पुरावा मिळाला. निकॉनचा डी ८५० आला २०१७ मध्ये आणि झेड ७ आला २०१८ मध्ये. दोन्ही ४५.७ मेगापिक्सेलचे, दोन्हींत अंगचा फ्लॅश नाही, आणि दोन्हींची बॅटरी एकाच घराण्यातली, एकोणीसशे मिलिअँपिअर-तासांची. सीपाच्या पद्धतीने, डोळा लावायच्या खिडकीतून म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून बघत, डी ८५० चे फोटो १८४०, झेड ७ चे ३३०. पहिला आरशाचा, म्हणजे डीएसएलआर. त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याला दिसतो तो लेन्समधून आलेला खराखुरा उजेड. दुसरा मिररलेस. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एक छोटी स्क्रीन आहे आणि आपण बघत असेपर्यंत सेन्सर राबत असतो. आरसा वर-खाली आपटायला मोटर लागते, मिररलेसला ती लागत नाही, म्हणजे फोटो काढायचा खर्च तर मिररलेसचा कमीच. तरी निकाल असा. बघायचा खर्च साडेपाच पटींनी पारडं फिरवतो.

मिररलेसवाल्यांनी यावर उपाय म्हणून बॅटरीच मोठी केली. सोनीचा २०१३ चा पहिला ए ७ साधारण ३४० फोटो द्यायचा. २०१८ च्या ए ७ थ्रीमध्ये दुपटीहून मोठी बॅटरी आली आणि आकडा ७१० वर गेला. भरीला यूएसबीवरून चार्जिंगही आलं. आज पॉवर बँक खिशात असली की चपट्या बॅटरीवरचा आमचा जुना आक्षेप उरतच नाही.

याच कारणाने सीपाचा आकडा शब्दशः घ्यायचा नसतो. सलग धडाधड फोटो काढणाऱ्याला ३३० च्या बॅटरीवर हजारभर फोटोही मिळतात, कारण त्याच्या दोन फोटोंमध्ये वाट पाहणं नाही. उलट माझ्यासारखी भिगवणला उजनीच्या पाण्यात नावेत बसून रोहित पक्ष्यांनी मान वर काढायची वाट बघणारी असेल तर दोनशे फोटोंतच खेळ आटोपतो. आता मीही मिररलेस वापरते. नावाडी पहाटे अंधारात कुंभारगावच्या काठावरून नाव काढतो, उजाडेपर्यंत आणि उजाडल्यावरही बराच वेळ काहीच घडत नाही. त्या वेळात मी कॅमेरा बंद ठेवते. ज्या कॅमेऱ्यांची लेन्स मोटरने आत-बाहेर करते, त्यांना वारंवार बंद-चालू करणं महागात पडतं. ते आपोआप झोपतील असं ठेवावं आणि बटण अर्धंच दाबून उठवावं. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र बंद करणं जवळजवळ फुकट, आणि नवे कॅमेरे जागे व्हायला सेकंदही घेत नाहीत.

वीज वाचवायच्या बाकीच्या उपायांविषयी माझी मतं थोडी कडक आहेत. ‘बीप’ बंद करा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. करा हवं तर, शेजाऱ्याला बरं वाटेल. विजेत काही फरक पडत नाही. फोटो काढल्यावर तो दोन-चार सेकंद आपोआप दिसतो, ते बंद केलं तर मात्र दिवसअखेर जाणवतं. स्क्रीनचा उजेड उन्हात सगळे वाढवतात आणि घरी आल्यावर कमी करायचं विसरतात. जीपीएस असलेले काही कॅमेरे बंद केल्यावरही उपग्रह शोधत राहतात, आणि ब्लूटूथ फोनशी गप्पा मारत राहतं; दोन आठवडे पिशवीत पडलेली भरलेली बॅटरी रिकामी निघाली तर आधी तिथे बघावं. आणि सगळ्यात लबाड गोष्ट म्हणजे व्ह्यूफाइंडरशेजारचा तो डोळा ओळखणारा सेन्सर. कॅमेरा गळ्यात लटकत असतो, ओढणी किंवा जॅकेट त्या सेन्सरसमोर येतं, कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी बघतंय, आणि तो बिचारा पोटापाशी अंधारात आपलं दृश्य दाखवत राहतो. यासाठी मी स्क्रीन आणि व्ह्यूफाइंडर यांची आपोआप होणारी अदलाबदल बंदच करून टाकली आहे.

चपट्या लिथियम-आयन बॅटरीची निगा हा वेगळा विषय. सोनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली, तीही आपल्या व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. पुढे या शोधामागच्या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिला थंडी आवडत नाही, पण थंडीचा राग तात्पुरता. स्पितीत रात्री स्लीपिंग बॅगमध्ये उबेला ठेवलेली बॅटरी सकाळी पुन्हा नीट चालते. उन्हाचं तसं नाही. मे महिन्यात चंद्रपूरला पारा पंचेचाळीसच्या वर जाणं नेहमीचंच. ताडोब्याला गेलेले लोक दुपारी उन्हात उभ्या गाडीत कॅमेऱ्याची पिशवी ठेवून जेवायला जातात. तेव्हा आतल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचं जे आयुष्य कमी होतं ते परत येत नाही. भरलेली असणं आणि तापणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती सगळ्यात लवकर म्हातारी होते. म्हणून महिनोन् महिने वापरायची नसेल तर निम्म्यावर आणून गार जागी ठेवावी. प्रवासात बॅटरीच्या तोंडावर टोपण घालावं, आणि विमानात सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच न्यावी, सामानात टाकू नये. शंभर वॉट-तासांपर्यंत अडवत नाहीत, आणि कॅमेऱ्याची बॅटरी तर तेरा-चौदाच्या आसपास असते. हा वॉट-तासांचा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तासांचा, आकडा तुलनेसाठीही बरा. एकोणीसशे मिलिअँपिअर-तास म्हणजे पेन्सिल सेलपेक्षा कमीच वाटतात. पण इथे व्होल्ट सात आहेत, तिथे १.२. रिचार्जेबल पेन्सिल सेलच्या जोडीत पाच वॉट-तासही नसतात.

डुप्लिकेट बॅटऱ्या मी वापरल्या आहेत. काही बऱ्या निघाल्या. एक मात्र सहा महिन्यांत फुगली आणि कॅमेऱ्याच्या कप्प्यात अशी अडकली की काढताना घाम फुटला. वेष्टनावर मूळ बॅटरीपेक्षा दीडपट क्षमता छापलेली होती. तेवढ्याच डबीत दीडपट वीज कुठून येणार, हे तेव्हाच मनात आलं होतं. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर अजिबात करायची नाही. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्यायची. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्या तालुक्याच्या गावात मात्र विचारलं की दुकानदार अजून भंगारवाल्याकडे बोट दाखवतो. माझ्याकडे अशा बॅटऱ्यांचा एक डबा साठला आहे, पुण्याला जाईन तेव्हा घेऊन जायचा.

हा डबा बघताना भाचीला ए ५४० सापडला. ती पुण्यात कॉलेजात आहे, आणि तिच्या वयाच्या मुलामुलींना सध्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड आहे. फ्लॅशचा तो भगभगीत पांढरा उजेड त्यांना आवडतो, जो आम्हाला कधी आवडला नाही. माझ्याकडे त्याच काळातला चपट्या बॅटरीचा एक सुबक कॅमेराही आहे, दिसायला जास्त छान. पण त्याची बॅटरी बनायची थांबली, ऑनलाइन मिळते ती कुणी बनवली याचा पत्ता नाही. ए ५४० ला काहीच लागलं नाही. कपाटातले पांढरे सेल घातले, सेलच्या टोकांना टेकणारे पत्रे खोडरबराने पुसले, लेन्स घुर्र करत पूर्ण बाहेर आली. तारीख तेवढी पुसली गेली होती, ती राखणारा बटण सेल संपला होता.

मी तिला काचेची खिडकी दाखवली आणि स्क्रीन बंद करायचं बटणही.

‘मग फोटो कसा आलाय ते कसं बघायचं, आत्या?’

‘घरी येऊन.’

तिने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि स्क्रीन पुन्हा चालू केली. कोजागिरीच्या रात्री मैत्रिणींबरोबर ती कॅमेरा घेऊन फिरली. प्रत्येक फोटो स्क्रीनवर चौघींनी डोकी एकत्र करून बघितला असणार. सेल पहाटेपर्यंत पुरले. नसते पुरले तरी अडलं नसतं, दुसरी जोडी तिने मला न विचारताच पर्समध्ये टाकली होती.